हात मोकळे, मान कामाला: मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट डोक्याने चालवायला शिकताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काम करणाऱ्या माणसाचे हात पाहा. एका हातात पाना, दुसऱ्यात जॉब आणि दोन्ही कूलंटने माखलेले. त्याला मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर चित्रं दाखवणारा डोक्यावरचा संच, घालून हवेत ड्रॉइंग आणि तपासणीची यादी दाखवता येते. पण पुढच्या पानावर जायला बोटांची चिमूट करायची म्हटली की पाना खाली ठेवावा लागतो. हातमोजे असतील तर हेडसेटच्या कॅमेऱ्यांना बोटं धड ओळखता येत नाहीत. ज्यांचे हात आजाराने किंवा अपघाताने चालत नाहीत, त्यांना तर चिमुटीचा पर्यायच नाही.

दोघांसाठी वाट एकच आहे. डोकं वळेल तिकडे कर्सर जातो आणि निवड हातांशिवाय पक्की होते. नवशिका बहुतेक सगळा वेळ पहिल्या अर्ध्या भागावर घालवतो आणि अडतो मात्र दुसऱ्यावर. ‘कुठे’ हे मान फार छान सांगते. ‘हो, हेच’ हे सांगायला ती कच्ची आहे. खालच्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

हेडसेट कोणता, ते आधी बघा

भिंगातून थेट समोरचं दिसणारे हेडसेट वेगळे आणि कॅमेऱ्याने टिपलेलं समोरचं दृश्य पडद्यावर दाखवणारे वेगळे. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ पहिल्या जातीचा. तो २०१९ मध्ये जाहीर झाला, वजन ५६६ ग्रॅम, उत्पादन २०२४ मध्ये थांबलं, पण प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत अजून वापरात आहे. मेटाचा क्वेस्ट ३ (२०२३, ५१५ ग्रॅम) आणि ॲपलचा व्हिजन प्रो (२०२४, ६०० ग्रॅमच्या पुढे, बॅटरी वायरने वेगळी) हे दुसऱ्या जातीचे. फरक जिवावर बेतणारा आहे. बॅटरी संपली तर होलोलेन्समधून समोरचं तसंच दिसत राहतं, तर दुसऱ्या जातीत एकदम अंधार होतो. म्हणून फिरतं मशीन, ओव्हरहेड क्रेन, भट्टी, ओतकाम यांच्या जवळपास क्वेस्ट किंवा व्हिजन प्रो घालायचाच नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत, टेबलाशी, तपासणी कक्षात खुशाल घाला. होलोलेन्स घातला तरी डोक्यावर हेल्मेट आलं असं समजू नका.

हेडसेट नसेल तर फोन आणि तो बसवायचा पुठ्ठ्याचा डबा, म्हणजे कार्डबोर्ड, चालतो. त्यात डोकं किती वळलं एवढंच कळतं, पुढे झुकलात किंवा बाजूला सरकलात ते कळत नाही. खुर्चीत बसून सराव करायला तेवढं पुरे. फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर, मात्र हवा. स्वस्त फोनांत तो बरेचदा नसतो आणि मग दृश्य जागचं हलतच नाही. तासभर सेटिंग शोधण्याआधी फोनच्या माहितीत सेन्सरची यादी बघून घ्या.

काही हेडसेटना नजरेचा माग घेता येतो. मग डोकं कशाला, डोळेच वापरू की, असं वाटणं साहजिक आहे. पण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आवाज आला की तिकडे जातो, आणि हेडसेट जरा सरकला की नजरेचं जुळवण बिघडतं. डोकं संथ आहे आणि मुद्दाम वळवावं लागतं. कर्सर डोळ्यांसमोर दिसत असल्याने हेडसेट थोडा सरकला तरी नेम चुकत नाही. नवशिक्याने डोक्यापासूनच सुरुवात करावी.

डोक्यावर नीट बसवणं

पुढचा भाग आधी चेहऱ्याला लावा, मग मागचा पट्टा ओढा. मागचा पट्टा कवटीच्या मागे जो उंचवटा असतो त्याच्या खाली बसला पाहिजे. वर बसला तर हेडसेट नाकावर घसरत राहतो. वरचा पट्टा असेल तर गालांवरचा दाब कमी होईपर्यंत आवळा. मग दोनदा वर-खाली आणि दोनदा डावी-उजवीकडे मान हलवा. चौकट चेहऱ्यावर हलता कामा नये.

घसरलेल्या हेडसेटचा नेमाला त्रास नाही असं वर म्हटलं, पण मानेला आहे. चौकट तीन अंश खाली उतरली की कर्सरही तेवढाच उतरतो. दोन मीटरवर हे अंतर साधारण साडेदहा सेंटीमीटर होतं. घालणारा नकळत हनुवटी वर करून ते भरून काढतो आणि पंधरा मिनिटांत मानेमागे दुखायला लागतं. ‘हेडसेटने मान दुखते’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा पट्टा बघा.

आपल्याकडच्या काही गोष्टी हेडसेटच्या माहितीपुस्तकात सापडणार नाहीत. केसांना खोबरेल लावलेलं असेल तर कपाळाकडचा फोम ते पितो, काळा पडतो आणि वासही धरतो. चार जणांत एक हेडसेट फिरणार असेल तर सिलिकॉनचं आवरण घ्या आणि दर वेळी पुसा. टिकली काढून ठेवायला सांगा, नाहीतर ती फोमला चिकटून पुढच्याच्या कपाळावर जाते. कुंकू, गंध, अष्टगंध हलकेच टिपून घ्यायला लावा. अंबाडा घातला असेल तर तो पट्ट्याच्या वर किंवा खाली हवा. पट्ट्यावरच आला तर पट्टा कधीच घट्ट होत नाही. खाली बांधलेल्या वेणीची अडचण नाही.

चष्मेवाल्यांनी चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासत नाही ना, हे आधी बघावं. क्वेस्ट ३ मध्ये चेहरा आणि भिंग यांतलं अंतर वाढवता येतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर जुळवायचं चाक ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत फिरतं. बारीक अक्षर स्पष्ट होईपर्यंत ते फिरवा. इथे आळस केला की डोकं दुखतं आणि दोष मात्र डोक्याने कर्सर चालवण्याच्या पद्धतीवर जातो.

मानेचा स्पॉन्डिलायटिस, चक्कर, नुकतीच झालेली मानेची दुखापत असेल तर ही पद्धत वापरू नका. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी एका वेळी पाच मिनिटं, मग विश्रांती.

खोली आणि उजेड

हेडसेट आपली जागा कॅमेऱ्यांनी ओळखतो, त्यामुळे त्याला धरून ठेवायला काहीतरी खुणा लागतात. कोरी पांढरी भिंत आणि चकचकीत फरशी अशी खोली वाईट. भिंतीवर दोन-तीन तक्ते, कॅलेंडर, फळी असलं की कर्सरचं तरंगणं थांबतं. पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या फटींतून उन्हाचे पट्टे येतात आणि खाली काळोख असतो. अशा उजेडातही कॅमेरे गोंधळतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे त्याच्या दुप्पट ठेक्यावर लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी असते. ती ५० हर्ट्झ करून बघा. बाहेरून आणलेल्या हेडसेटवर हे हमखास तपासा.

आतलीच सोय चालू करणं

व्हिजन प्रोमध्ये सेटिंग्ज उघडून ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे पॉइंटर कंट्रोलमध्ये ‘हेड’ निवडा. कर्सर आता डोकं वळेल तसा फिरेल. थांबून निवड करण्यासाठी असिस्टिव्हटचमधला ड्वेल कंट्रोल चालू करा. ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये ही सोय नेमून ठेवा म्हणजे डिजिटल क्राउन तीनदा दाबून ती चालू-बंद करता येते. ज्याचे हात चालत नाहीत त्याच्यासाठी हे दाबणारा माणूस शेजारी हवा, हे गृहीत धरा.

होलोलेन्स २ वर ‘सिलेक्ट’ म्हणा. नजरेच्या रेषेत कर्सर येतो. डोकं वळवून तो हव्या त्या जागी न्या आणि पुन्हा ‘सिलेक्ट’ म्हणा. मुख्य मेनूसाठी ‘गो टू स्टार्ट’. आज्ञा इंग्रजीत किंवा त्याला येणाऱ्या मोजक्या भाषांत द्याव्या लागतात, मराठी त्याला कळत नाही. क्वेस्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत डोक्याबरोबर फिरणारा कर्सर आहे. मेनूतली त्याची जागा अपडेटगणिक सरकते, म्हणून आधी अपडेट करा, मग शोधा.

या सोयींनी मेनू चालतो, ब्राउझर चालतो. पण कामाच्या ठिकाणी लागणारी यादी किंवा फॉर्म तुम्हालाच बनवावा लागणार. तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

स्वतःचा सराव-फलक: सहा चौकोन

ए-फ्रेम ही वेबपानात थ्रीडी दृश्य बनवायची फुकट लायब्ररी आहे. एका एचटीएमएल फाइलीत काम होतं आणि तेच पान फोनवर, क्वेस्टच्या ब्राउझरमध्ये, लॅपटॉपवर उघडतं. युनिटी (थ्रीडी ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर त्यातल्या एक्सआर इंटरॲक्शन टूलकिटमधला गेझ इंटरॲक्टर हेच करतो. ‘हव्हर टू सिलेक्ट’ चालू करा आणि वेळ द्या. नजरेचा माग घेणारा सेन्सर नसेल तर तो आपोआप डोक्याच्या दिशेवर येतो. निवडायच्या वस्तूवरही गेझची परवानगी वेगळी चालू करावी लागते. बहुतेकांचं इथेच विसरतं आणि कर्सर वस्तूवरून नुसता फिरत राहतो.

ए-फ्रेमने करायचं तर क्रम असा:

१. दृश्यात कॅमेरा ठेवा आणि कर्सर कॅमेऱ्याच्या पोटात घाला. बाहेर ठेवलात तर तो डोक्याबरोबर वळणार नाही. कर्सर म्हणून एक मीटर पुढे बारीक कडी: आतली त्रिज्या ०.०२, बाहेरची ०.०३.

२. कर्सरचा ‘फ्यूज’ चालू करा. म्हणजे ठरलेला वेळ एका वस्तूवर थांबलं की क्लिक होतं. हा वेळ मुळात १५०० मिलिसेकंद असतो. सरावाला तो १००० वर आणा.

३. ज्या वस्तू निवडायच्या त्यांना एकच क्लास द्या आणि रेकास्टरला, म्हणजे कर्सरमधून निघणाऱ्या किरणाला, फक्त तोच क्लास बघायला सांगा. हे टाळलं तर किरण आकाशाच्या गोलालाही वस्तू समजतो आणि कडी रिकाम्या जागेवरही भरत राहते.

४. दोन मीटरवर सहा चौकोन मांडा, तीन-तीनच्या दोन ओळी. प्रत्येक चौकोन २० सेंटीमीटरचा, मध्यापासून मध्यापर्यंत आडवं आणि उभं अंतर ४३ सेंटीमीटर. वरची ओळ डोळ्याच्या पातळीपेक्षा १४ सेंटीमीटर खाली, दुसरी ५७ सेंटीमीटर खाली.

५. क्लिक झाल्यावर चौकोनाचा रंग बदला आणि छोटा आवाज द्या. कडी भरण्याचं ॲनिमेशन ‘फ्यूझिंग’ या घटनेवर सुरू करा, आणि डोकं बाहेर गेल्यावर व क्लिक झाल्यावर दोन्ही वेळा मूळ आकारावर आणा. एकाच ठिकाणी आणलंत तर कडी मध्येच अर्धवट अडकलेली दिसेल.

६. पान एचटीटीपीएसवर ठेवा. लॅपटॉपच्या आयपी पत्त्यावरून साध्या एचटीटीपीने उघडलंत तर हेडसेटमध्ये आत जायचं बटणच चालत नाही आणि फोन सेन्सर देत नाही. फुकट होस्टिंगवर टाकणं सोपं पडतं. आयफोन हालचालीच्या सेन्सरची वेगळी परवानगी विचारतो, ती द्या.

चौथ्या पायरीतले आकडे कुठून आले, हे कळणं महत्त्वाचं, कारण तुमच्या कामात अंतर वेगळं असेल. डोक्याच्या कर्सरचं गणित सेंटीमीटरमध्ये नाही, अंशांत चालतं. एक मीटरवर एक अंश म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर, दोन मीटरवर साडेतीन. डोक्याने सहज नेम बसायला लक्ष्य किमान तीन अंशांचं हवं, नवशिक्याला पाच-सहा अंशांचं द्यावं. २० सेंटीमीटरचा चौकोन दोन मीटरवर पावणेसहा अंश भरतो. ४३ सेंटीमीटर म्हणजे बारा अंश.

ओळी खाली का, तर मान सैल असताना नजर क्षितिजाच्या दहा ते वीस अंश खाली असते. क्षितिजाच्या दहा अंशांपेक्षा वर काही ठेवू नका, आणि डाव्या-उजव्या बाजूला ४५ अंशांपलीकडे मान वळवायला लावू नका. रोज लागणारी बटणं मधल्या तीस अंशांत बसवा. होलोलेन्स २ चं दृश्यक्षेत्र कर्णात ५२ अंशच आहे. त्यात चौकोन जास्त पसरले तर बाहेर काही आहे हे घालणाऱ्याला कळतच नाही.

निवड पक्की करायची कशाने

इथे घाई करू नका, सगळं यश याच भागात आहे.

सगळ्यांना आधी सुचतं ते थांबून निवडणं, म्हणजे ड्वेल. ते फुकट आहे, काही जोडावं लागत नाही. पण माणूस बघतो ते प्रत्येक वेळी निवडायला नव्हे. वाचायला थांबला तरी कडी भरते. नजरेने चालणाऱ्या यंत्रांच्या अभ्यासात या दुखण्याला ‘मिडास टच’ म्हणतात. हात लावेल ते सोनं होणाऱ्या राजाला जेवायलाही मिळालं नाही, तसं पाहाल ते दाबलं जातं. वेळ वाढवून हे बरं होत नाही. दोन सेकंद केले की चुका थोड्या कमी होतात, पण मान धरून धरून माणूस कंटाळतो.

खरा उपाय मांडणीत आहे. वाचायची जागा आणि निवडायची जागा वेगळी करा. मजकूर डावीकडे, आणि उजवीकडे चार अंशांचा गोल. किरण फक्त गोलाला लागतो. घालणाऱ्याला मजकूर दहा सेकंद वाचू दे, काही होत नाही. त्यालाच वाटलं की डोकं गोलावर नेईल. एवढ्या एका बदलाने चुकून झालेल्या निवडी जेवढ्या घटतात तेवढ्या वेळेच्या आकड्याशी खेळून घटत नाहीत.

वेळ मग अशी बेता: पहिले ०.२ सेकंद काहीच दाखवू नका, म्हणजे नुसतं वरून गेलेलं डोकं कडी पेटवत नाही. नंतर ०.८ सेकंदांत कडी भरू द्या. सरावलेल्यांसाठी हे ०.५ पर्यंत आणता येतं. डोकं क्षणभर बाहेर डुचकळलं, म्हणजे साधारण ०.१५ सेकंद, तर कडी शून्यावर नेऊ नका. शिवाय आत शिरण्याची हद्द आणि बाहेर पडण्याची हद्द एकच ठेवू नका. बाहेरची आतल्याच्या सव्वापट ठेवा. कडेवर थरथरणारा कर्सर मग आत-बाहेर करत नाही.

निवड झाली की पुढचं पान येतं आणि त्याच जागी नवा गोल असला की तोही भरायला लागतो. यादीतल्या दोन पायऱ्या एकदम ‘झाल्या’ म्हणून नोंदवल्या जातात आणि तपासणीचं काही खरं राहत नाही. एकदा निवडल्यावर डोकं त्या गोलाबाहेर गेल्याशिवाय पुन्हा मोजणी सुरू होऊ नये, असा नियम घाला. ‘नोंद पुसा’, ‘फॉर्म पाठवा’ अशा परत न फिरणाऱ्या गोष्टींना दोन टप्पे द्या आणि दुसरा गोल पहिल्यापासून वीस अंश दूर ठेवा.

पाय मोकळे असतील तर ड्वेल विसरा आणि पायडल घ्या. ब्लूटूथ पायडल हेडसेटला कीबोर्ड म्हणून जोडलं जातं आणि दाबलं की एंटरसारखी एक कळ पाठवतं. तुमच्या पानाने ती कळ ऐकायची आणि त्या क्षणी कर्सरखाली जे असेल ते निवडायचं. डोकं ‘कुठे’ सांगतं, पाय ‘हो’ म्हणतो. वाचताना काही चुकून लागत नाही आणि वेगही वाढतो. शिलाई मशीनवर बसलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. खाली रबरी मॅट हवी, नाहीतर फरशीवर ते सरकत जातं आणि पाय शोधत बसतो. एक ठिकाण वर्ज्य: पॉवर प्रेस, बेंडिंग किंवा ज्या मशीनला स्वतःचं पायडल आहे तिथे दुसरं पायडल अजिबात ठेवू नका. चुकीच्या पायडलवर पाय पडला तर ती चूक पडद्यावर राहत नाही.

आवाज हा तिसरा मार्ग. शांत खोलीत उत्तम. फेटलिंगच्या (ओतीव कामाच्या कडा घासायच्या) ग्राइंडरशेजारी निरुपयोगी, आणि तिथे माइकजवळ ओरडायला लावणं म्हणजे माणसाची थट्टाच. आवाज ठेवायचाच तर एकच लहान शब्द ठेवा आणि तो शब्द बाजूच्या गप्पांत येणारा नको. ‘हां’, ‘बरं’, ‘चालतंय’ असले शब्द आज्ञा म्हणून घेतलेत तर कोल्हापुरात तुमचा हेडसेट दिवसभर काही ना काही निवडत बसेल.

पायही चालत नसतील, बोलणंही कठीण असेल, तेव्हा ड्वेलच. अशा वेळी वेळेचा आकडा त्या माणसासोबत बसून ठरवा, दुसऱ्याच्या सोयीने नको. गालाने किंवा खांद्याने दाबता येणारा मोठा स्विच जोडता आला तर तोही पायडलसारखाच काम करतो.

मान डोलावून हो-नाही

हो म्हणायला वर-खाली, नाही म्हणायला डावी-उजवीकडे, हे कागदावर सोपं वाटतं. पण आपल्याकडे होकार बरेचदा कानाकडे मान कलती करून दिला जातो, आणि तीच हालचाल ‘बघू’, ‘ठीक आहे’, ‘ऐकतोय मी’ यांसाठीही होते. सेन्सरच्या लेखी तीन अक्ष आहेत: वर-खाली, डावी-उजवी आणि कलणं. कलण्याला काहीच अर्थ देऊ नका, ते सरळ सोडून द्या. होकारासाठी दहा अंश खाली जाऊन ०.८ सेकंदांत परत येणं, आणि नकारासाठी एका सेकंदात दहा-दहा अंशांचे किमान दोन फेर बदल, एवढी अट सुरुवातीला पुरते.

दुसरी गोष्ट, मान डोलावणं कायम ऐकत राहू नका. पडद्यावर प्रश्न आल्यावर तीन सेकंदच खिडकी उघडा. नाहीतर शेजारचा सुपरवायझर काही सांगतोय आणि हा ‘हं, हं’ करतोय, तेवढ्यात अर्धा फॉर्म भरून जातो. तिसरी, मान हलली की कर्सरही हलतो. त्यामुळे प्रश्न उभा राहिला तेव्हा कर्सर कशावर होता ते गोठवून ठेवा आणि होकार त्यालाच लावा.

मराठी मजकूर आणि टायपिंग

ए-फ्रेमच्या साध्या टेक्स्टमध्ये देवनागरी येत नाही. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. ‘स्थिती’ वाचताच येत नाही. ए-फ्रेममध्ये उपाय असा की मजकूर ब्राउझरच्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर) लिहायचा आणि तो कॅनव्हास चौकोनावर चित्र म्हणून लावायचा. जोडाक्षरांची काळजी ब्राउझर घेतो. युनिटीत ठरावीक लेबलं असतील तर त्यांची चित्रंच करून टाका. अक्षरांची उंची दोन मीटरवर अडीच सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. मात्रा, अनुस्वार, रफार यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा थोडं मोठं अक्षर लागतं. पार्श्वभूमी गडद, अक्षर पांढरट.

टायपिंग डोक्याने करायला लावू नका. ‘गडहिंग्लज’ लिहायला नऊ कळा लागतात. दर कळेला वळणं आणि थांबणं धरून दोन सेकंद मोजले तरी एका शब्दाला अठरा सेकंद, तेही एकही चूक न होता. कोल्हापूर जिल्ह्यात तालुके बारा. सहा चौकोनांची दोन पानं केली की तीच नोंद फार तर दोन निवडींत होते. जिथे यादी होऊ शकते तिथे यादीच करा. आकडे हवेत, म्हणजे बोअरचं माप वगैरे, तर अपेक्षित माप आधीच दाखवा आणि ‘कमी’, ‘जास्त’ असे दोन गोल द्या.

ओढून नेणं आणि सरकवणं यांचंही तेच. वस्तू धरून मान वळवत न्यायला लावू नका. एकदा निवडून ‘उचला’, दुसऱ्या जागी निवडून ‘ठेवा’. लांब मजकूर सरकवण्यापेक्षा पानं पाडलेली बरी.

काय बिघडतं आणि का

कर्सर थरथरतो. आधी पट्टा, मग उजेड, मग गाळणी (थरथर गाळून काढणारं गणित) बघा. गाळणीसाठी २०१२ मध्ये मांडलेला वन युरो फिल्टर घ्या. तो संथ हालचालीत थरथर दाबतो आणि वेगात डोकं वळलं की मागे रेंगाळत नाही. त्यात दोनच आकडे जुळवायचे. बीटा शून्य ठेवून मिनिमम कटऑफ एक हर्ट्झवरून सुरू करा आणि डोकं स्थिर धरून थरथर जाईपर्यंत कमी करा. मग डोकं झपकन वळवून रेंगाळणं संपेपर्यंत बीटा वाढवा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही बिघडतात.

चौकोन हळूहळू एका बाजूला सरकतात. खोलीत खुणा कमी आहेत, किंवा समोरून काहीतरी मोठं हलतंय. थांबवून दिशा पुन्हा मध्यावर आणा आणि भिंतीवर काही लावा.

एका उंचीच्या माणसाला जमतं, दुसऱ्याला नाही. चौकोनांची उंची जमिनीपासून मोजलेली असते म्हणून असं होतं. पान सुरू होताना डोक्याची उंची वाचा आणि ओळी त्यापासून खाली मोजा. बसलेला आणि उभा, दोघांनाही मग सारखंच.

मळमळतं. बहुतेक वेळा एखादा मजकूर डोक्याला चिकटवून ठेवलेला असतो आणि तो सतत बरोबर वळत राहतो. कर्सर सोडून बाकी सगळं खोलीत एका जागी ठेवा.

बदल कामाचा झाला का, हे अंदाजाने ठरवू नका. तीन माणसं घ्या, प्रत्येकाला सहा चौकोनांतले वीस नेम सांगा. किती लागले, किती चुकून लागले, किती वेळ लागला, हे कागदावर लिहा. एका वेळी एकच आकडा बदला आणि परत वीस. चुकून लागलेले वीसात दोनपेक्षा जास्त असतील तर वेळेला हात लावण्याआधी मांडणी बघा.

पावसाळा आणि ठेवण

जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते. एसी केबिनमधून हेडसेट थेट शॉप फ्लोअरवर नेला की भिंगावर वाफ धरते. दहा-पंधरा मिनिटं डबा उघडा ठेवून मग घाला. फोम ओला असताना डब्यात बंद करू नका, बुरशी येते. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि महिन्याला बदला. भिंगाला सॅनिटायझर लावायचा नाही, कोरडं मायक्रोफायबर कापड पुरे.

पावसाळा संपला की उलट धोका. भिंगं उन्हाला बहिर्गोल काचेसारखी वागतात आणि काही मिनिटांत आतल्या पडद्यावर कायमचा डाग पाडतात. खिडकीजवळच्या टेबलावर, गाडीच्या डॅशबोर्डवर हेडसेट उघडा ठेवू नका, आणि ठेवलाच तर भिंगं कापडाने झाकलेली हवीत.